एक पाकीट, एक पेला : जुलाबाच्या आजारात रक्तातलं सोडियम १६८ वर गेलेल्या बाळाचं प्रकरण

मुलगी दहा महिन्यांची. मध्यरात्र उलटून गेल्यावर तिला आणलं तेव्हा ती रडत होती, पण ते रडणं भुकेचं नव्हतं आणि पोटदुखीचंही वाटत नव्हतं. उंच, चिरका, एकसुरी आवाज. उचलून घेतलं तरी तो थांबेना. जुलाब-उलट्यांचा तिसरा दिवस सरला होता. आईच्या हातातल्या पिशवीत आधीच्या दोन भेटींचे केसपेपर होते आणि दोन्हींवर एक ओळ सारखीच होती : ‘ओआरएस घेते आहे.’

दुसऱ्या कागदावरची ती ओळ माझ्या अक्षरातली होती. हे प्रकरण लिहितो आहे ते त्या ओळीपायी. ओळख पटू नये एवढ्यापुरते किरकोळ तपशील बदलले आहेत.

पहिले अडीच दिवस

सुरुवात अगदी नेहमीसारखी. संध्याकाळी पाच उलट्या, ३८.५ अंश सेल्सिअस ताप आणि पहाटेपासून पाण्यासारखे पिवळसर जुलाब. रक्त नाही, आव नाही. चोवीस तासांत तीन किंवा जास्त वेळा पातळ शी झाली तर तो अतिसार, अशी जागतिक आरोग्य संघटनेची साधी व्याख्या आहे. या बाळाला दुसऱ्या दिवशी आठ वेळा झाली आणि तिसऱ्या दिवशी चौदा वेळा.

आधी उलट्या, मागून जुलाब, सोबत ताप आणि वय दोन वर्षांच्या आत. असं चित्र दिसलं की पहिला संशय रोटाव्हायरसवर जातो. पुढे शीच्या तपासणीत तोच निघाला. हा विषाणू १९७३ मध्ये मेलबर्नमध्ये रूथ बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी मुलांच्या आतड्याच्या तुकड्यांत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. चाकासारखा दिसतो म्हणून त्याचं हे नाव. लहान आतड्याच्या आतल्या अंगाला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात. त्यांच्या टोकांवरच्या पेशी अन्न आणि पाणी शोषतात, आणि रोटाव्हायरस नेमक्या त्याच पेशी मारतो. दुधातली साखर पचवणारं विकरही तिथेच तयार होतं, म्हणून आजारानंतर काही दिवस काही मुलांना दूध नीट पचत नाही. शिवाय हा विषाणू एक प्रथिन सोडतो. त्याच्यामुळे आतडं शोषायचं सोडून उलट पाणी बाहेर टाकू लागतं. नव्या पेशी तयार व्हायला काही दिवस लागतात, आणि साधारण तेवढेच दिवस आजार टिकतो : तीन ते आठ.

पोटाच्या संसर्गांचं कुटुंब मोठं आहे. नोरोव्हायरस सर्व वयांत होतो, १२ ते ४८ तासांत लक्षणं दाखवतो आणि बहुधा एक ते तीन दिवसांत निघून जातो. जिवाणूंमध्ये शिगेला, कॅम्पायलोबॅक्टर, साल्मोनेला, ई. कोलायचे काही प्रकार आणि पटकी अर्थात कॉलराचा व्हिब्रिओ. परजीवींमध्ये जिआर्डिया, क्रिप्टोस्पोरिडियम आणि अमीबा. नावं पाठ असणं परीक्षेला उपयोगी पडतं. रुग्णाजवळ उभं राहिल्यावर मात्र पहिला प्रश्न जंतू कोणता हा नसतो. पाणी किती गेलं आणि किती परत जातंय, हा असतो.

पहिली भेट दुसऱ्या दिवशी सकाळची. सहकारी डॉक्टरांनी तपासलं, वजन केलं : ८.२ किलो. दहा दिवसांपूर्वी ते ८.४ होतं. बाळ खेळकर, जीभ ओली. विषाणूजन्य अतिसार असं निदान झालं. ओआरएस, रोज २० मिलिग्रॅम झिंक आणि स्तनपान चालू ठेवणे. यात काहीही चुकीचं नव्हतं.

दुसरी भेट तिसऱ्या दिवशी दुपारी, माझ्याकडे. आई म्हणाली, “डॉक्टर, तिला सारखी तहान लागते. ओआरएस दाखवलं की झडप घालते, दोन घोट घेते, मग तोंड फिरवते. आणि थोड्या वेळाने उलटी.” बाळ किरकिरं होतं. डोळे जरासे ओढलेले, जीभ कोरडी, पण पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली तर लगेच जागेवर जात होती. हातपाय गरम. मी मनात म्हटलं, थोडंफार पाणी कमी झालंय, पण फार नाही. मी विचारलं, “ओआरएस देताय ना?” वडील म्हणाले, “हो, दोन पाकिटं संपली.”

इथे मी चुकलो, आणि एकदा नाही, दोनदा. पाकीट मोठं होतं, एक लिटर पाण्याचं. दोन पाकिटं म्हणजे दोन लिटर. उलट्या करणारं आठ किलोचं बाळ दीड दिवसात दोन लिटर ओआरएस पिईल हे जमणारं गणित नाही. माझ्या कानाने ते ऐकलं आणि डोक्याने सोयीचा अर्थ लावला : उरलेलं ओतून दिलं असेल, चोवीस तासांनंतर टाकायचंच असतं. दुसरी चूक म्हणजे मी वजन केलं नाही. काटा दुसऱ्या खोलीत होता, बाहेर रांग होती. उलटीसाठी औषधाचा एक डोस दिला, “चमच्याचमच्याने देत राहा” म्हणालो आणि ती ओळ लिहिली.

रात्री

हॉस्पिटलात वजन भरलं ७.७ किलो. म्हणजे ८.४ वरून ७०० ग्रॅम गेले, आठ टक्क्यांहून थोडं जास्त. लहान मुलात काही दिवसांत उतरलेलं वजन म्हणजे जवळजवळ सगळं पाणीच. पाच ते दहा टक्के घट म्हणजे मध्यम निर्जलीकरण आणि दहाच्या वर गंभीर, असा ढोबळ हिशोब असतो.

पण बाळ आठ टक्क्यांचं दिसत नव्हतं. नाडी १७२, तरी रक्तदाब नीट. नख दाबून सोडलं की दोन सेकंदांत लाली परत येई. टाळू किंचितच खोल. दुसरीकडे मेंदूची लक्षणं पाण्याच्या मानाने फार जास्त : चिरकं रडणं, हात लावला की दचकणं, गुडघ्यावर हलकेच ठोकलं तर पाय जोरात उडणं. मग कातडी. ती चिमटीत उभी राहत नव्हती, पण हाताला काहीतरी वेगळं लागत होतं. मऊ, जाडसर, मळलेल्या कणकेसारखं. हे वर्णन पुस्तकात वाचून सगळ्यांना माहीत असतं. प्रत्यक्ष बोटांना ते कळायला मात्र आधी मनात शंका यावी लागते. दुपारी माझ्या मनात ती आली नव्हती.

तपासत असतानाच तिला आकडी आली. डावा हात, मग दोन्ही हात, साधारण दोन मिनिटं. औषधाने थांबली. ताप, चिरकं रडणं आणि आकडी म्हटल्यावर मेंदूज्वराचा विचार आलाच पाहिजे, आणि तो आला. पाठीतलं पाणी काढण्याची तयारी चालू असताना रक्ताचा रिपोर्ट आला.

सोडियम १६८ मिलिमोल प्रति लिटर. नेहमीची मर्यादा १३५ ते १४५. साखर १७८ मिलिग्रॅम, कॅल्शियम कमी, युरिया वाढलेला, रक्त आम्लतेकडे झुकलेलं. सोडियम एवढं चढलं की साखर वाढणं आणि कॅल्शियम उतरणं पुष्कळदा सोबत दिसतं. कॅल्शियम शिरेतून दिलं. साखरेला हात लावला नाही, कारण ती आपोआप उतरते आणि इन्सुलिनने घाईने उतरवणं अशा वेळी धोक्याचं ठरू शकतं.

आता चित्र जुळलं. रक्तात सोडियम वाढलं की ते पेशींमधलं पाणी बाहेर ओढून घेतं. म्हणून रक्तवाहिन्या बऱ्यापैकी भरलेल्या राहतात, हातपाय गरम राहतात, कातडी फसवते आणि तपासणारा फसतो. किंमत पेशी मोजत असतात, विशेषतः मेंदूच्या. मेंदू आक्रसतो, कवटी आणि मेंदू यांच्यामधल्या बारीक शिरांवर ताण येतो आणि कधी त्या फाटून रक्तस्राव होतो. टाळू उघडी असल्यामुळे तिच्यातूनच सोनोग्राफी केली. रक्तस्राव नव्हता. पाठीतलं पाणी त्या रात्री काढलं नाही. प्रतिजैविक मेंदूज्वराच्या शंकेपोटी चालू केलं आणि कल्चर स्वच्छ आल्यावर बंद केलं.

एक प्रश्न उरला. जुलाबातून सोडियम वाढू शकतं, कारण रोटाव्हायरसच्या जुलाबात जाणाऱ्या पाण्यात मीठ रक्तापेक्षा कमी असतं. पाणी जास्त आणि मीठ कमी गेलं की मागे उरलेलं रक्त खारट होतं. पण आठ टक्के घटीला १६८ हा आकडा जरा जास्तच होता. लघवी तपासली. पाणी कमी पडलेल्या बाळाचं मूत्रपिंड मीठ चिकाटीने धरून ठेवतं. लघवीतलं सोडियम २० च्या आसपास किंवा त्याखाली यायला हवं. इथे ते ११० आलं. मूत्रपिंड मीठ वाचवत नव्हतं, बाहेर फेकत होतं. बाळात मीठ बाहेरून आलं होतं.

पेला

रात्रपाळीच्या निवासी डॉक्टरने वडिलांना बाजूला घेऊन विचारलं, “ओआरएस कसं बनवता?” ते म्हणाले, “पाकिटावर लिहिलंय तसं.” ती तिथे थांबली नाही. तिने वॉर्डातलं एक पाकीट, पाण्याचा जग आणि रिकामा पेला पुढे ठेवला. “घरी करता तसं करून दाखवा.”

त्यांनी पेला भरला, पाकीट फाडलं, सगळी पूड पेल्यात ओतली आणि चमच्याने नीट, सावकाश ढवळली. तळाशी एक कण राहू दिला नाही.

पेला २०० मिलीचा होता.

मागाहून उलगडलं. मोठ्या मुलाला आदल्या वर्षी जुलाब झाले तेव्हा छोटी पाकिटं मिळाली होती. ती २०० मिलीचीच असतात. ‘एक पाकीट, एक पेला’ हा नियम तेव्हा घरात ठरला आणि त्याने मुलगा बरा झाला. या वेळी पाकीट मोठं होतं, पण रंग आणि चित्र तसंच. एक लिटर हे मागच्या बाजूला बारीक अक्षरात. वडिलांनी चव घेऊनही पाहिली होती. “फार खारट लागलं, पण औषध आहे, तसंच असेल असं वाटलं.” नीट कालवलेलं ओआरएस अश्रूंहून खारट लागता कामा नये, ही जुनी खूण त्यांना कुणी सांगितली नव्हती. आम्हीही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात एका लिटरच्या पाकिटात २.६ ग्रॅम मीठ, २.९ ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट, १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. एका लिटरमध्ये सोडियम ७५ मिलिमोल, ग्लुकोजही ७५, आणि सगळ्या विरघळलेल्या कणांची बेरीज २४५. रक्ताची हीच बेरीज २९० च्या आसपास असते. म्हणजे ओआरएस रक्तापेक्षा थोडं पातळ, आणि ते मुद्दाम तसं ठेवलंय. त्याआधीच्या सूत्रात ही बेरीज ३११ होती आणि सोडियम ९०. ते कमी केल्यावर जुलाबाचं प्रमाण आणि सलाईन लावायची गरज, दोन्ही घटल्याचं दिसलं होतं. तेच पाकीट २०० मिलीमध्ये घातलं की सगळे आकडे पाचपट : सोडियम ३७५, बेरीज १२२५.

असं द्रावण आतड्यात गेलं की ते शोषलं जाण्याआधी शरीरातलं पाणी आतड्यात खेचून घेतं. म्हणून जुलाब आठचे चौदा झाले. जठर ते पुढे ढकलत नाही, म्हणून उलट्या थांबेनात. जे शोषलं जातं ते रक्त आणखी खारट करतं, म्हणून तहान वाढते. तहान वाढली की बाळ पुन्हा पेल्यावर झडप घालतं. आईने दुपारी मला हेच सांगितलं होतं, शब्दशः.

हिशोब लावून पाहिला. एका पाकिटात ७५ मिलिमोल सोडियम. या वजनाच्या बाळाची दिवसाची गरज १७ ते २५. दोन पाकिटांपैकी निम्मं उलटीत आणि सांडण्यात गेलं असं धरलं तरी तीन-चार दिवसांचं मीठ दीड दिवसात पोटात गेलेलं. त्यात जुलाबातून गेलेलं पाणी धरलं की उत्तर १६५ च्या आसपास येतं. आकडा जुळला तेव्हा बरं वाटलं, हे कबूल करतो. कारण सापडल्याचं समाधान आणि ते दुपारीच सापडायला हवं होतं ही टोचणी एकाच वेळी येतात.

ओआरएस चालतं ते एका छोट्या दरवाजामुळे. आतड्याच्या पेशीवर एक वाहक प्रथिन असतं. ते ग्लुकोजचा एक रेणू आणि सोडियमचे दोन आयन एकत्रच आत घेतं, आणि त्यांच्यामागे पाणी जातं. रॉबर्ट क्रेन यांनी ही कल्पना १९६० मध्ये मांडली. जुलाबात इतर बरंच काही बिघडलं तरी हा दरवाजा बहुतांशी चालू राहतो. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाईन संपत आलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं द्रावण तोंडाने देण्याचा निर्णय घेतला. तीस टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर त्यांच्या देखरेखीखालच्या रुग्णांत ३.६ टक्क्यांवर आला. या प्रकरणानंतर त्या कथेतली एक बारीक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटू लागली आहे. तिथे पूड आधी वजन करून भरलेली होती आणि द्रावण मोठ्या पिंपांत कालवलं जात होतं. नातेवाईक पेल्याने ते घेऊन पाजत. मोजण्याचं काम रुग्णाच्या घरच्यांवर नव्हतं. घरोघरी पाकीट पोचलं तेव्हा ते मोजमापही पाकिटासोबत घरी गेलं, आणि आपण ते गृहीत धरून बसलो.

सावकाश

असं बाळ समोर असलं की हात शिवशिवतात. पाणी कमी आहे ना, मग भरा. पण मेंदू आक्रसू लागला की काही तासांतच तो स्वतःचा बंदोबस्त सुरू करतो. पेशींच्या आत विरघळणारे कण साठवतो, म्हणजे पाणी आत टिकून राहतं. दोन-तीन दिवसांत हा बंदोबस्त पुरा होतो. अशा वेळी रक्त झपकन पातळ केलं तर ते कण पाणी आत ओढतात आणि मेंदूला सूज येते. आजारातून वाचलेलं बाळ उपचारात जाऊ शकतं. म्हणून नियम असा : सोडियम तासाला अर्ध्या मिलिमोलपेक्षा जास्त उतरू द्यायचं नाही. दिवसाला दहा ते बारा. एकूण तूट किमान ४८ तासांत भरायची.

रक्ताभिसरण शाबूत होतं, त्यामुळे एकदम भरपूर सलाईन दिलं नाही. ते कोसळलेलं असतं तर सोडियमची पर्वा न करता आधी शिरेतून सलाईन द्यावं लागलं असतं. तूट ७०० मिली. रोजची गरज किलोमागे १०० मिली धरून ८४०, दोन दिवसांची १६८०. एकूण २३८०, म्हणजे ताशी सुमारे ५० मिली. द्रव कोणता? ०.९ टक्के सलाईन आणि त्यात ५ टक्के डेक्स्ट्रोज. लघवी होते आहे हे पाहून पोटॅशियम घातलं. उशाशी ३ टक्के सलाईन भरून ठेवलं, घसरण फार वेगाने झाली आणि आकडी आली तर हाताशी असावं म्हणून. ते वापरावं लागलं नाही.

सोडियम दर चार तासांनी. १६८ चं १६६ झालं, छान. आठव्या तासाला १६२. चार तासांत चार, म्हणजे ठरवलेल्याच्या दुप्पट वेग. कारण शोधायला वेळ लागला नाही. बाळाची तहान पाहवत नव्हती म्हणून सिस्टर नीट कालवलेलं ओआरएस चमच्याने देत होत्या, आई अंगावर पाजत होती आणि मूत्रपिंड आपणहून मीठ टाकत होतं. तिघांचंही बरोबरच होतं, फक्त बेरीज कुणी केली नव्हती. आईच्या दुधात सोडियम फार कमी असतं, लिटरला साधारण ७ मिलिमोल, म्हणजे सोडियमच्या हिशोबात ते जवळजवळ पाणीच. स्तनपान बंद करायचा प्रश्नच नव्हता. सलाईन ताशी ३८ वर आणलं आणि तोंडाने जाणारा प्रत्येक मिली चार्टवर लिहायला सुरुवात केली. बाराव्या तासाला १६१. चोविसाव्याला १५७. दुसऱ्या दिवसअखेर १४७ आणि तिसऱ्या दिवशी १४२.

आकडी पुन्हा आली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रडण्याचा सूर बदलला. भुकेचं, हक्काचं रडणं. वॉर्डात सगळ्यांनी ते ऐकलं.

जुलाब मात्र चालूच होते. पाचव्या दिवशी ते चारवर आले. “जुलाब थांबवणारं काही द्या ना,” हा प्रश्न आजीने रोज विचारला, आणि तो रास्त आहे. डोळ्यांना दिसतात ते जुलाब, आत जाणारं पाणी दिसत नाही. आतड्याची हालचाल रोखणारी लोपेरामाइडसारखी औषधं लहान मुलांना देत नाहीत. आतडं सुस्तावतं, पोट फुगतं आणि पाणी आतच साचत राहतं, एवढाच फरक पडतो. मोठ्या माणसांत ताप आणि रक्त नसेल तर ती जपून चालतात. प्रतिजैविकाचंही तसंच. विषाणूवर त्याचा उपयोग शून्य. शीतून रक्त पडणारा शिगेलाचा आमांश, कॉलरा, अमीबा, जिआर्डिया यांना नेमकी औषधं आहेत. उलट शिगा विष तयार करणाऱ्या ई. कोलायच्या संसर्गात प्रतिजैविक टाळतात, कारण त्याने मूत्रपिंड बंद पडण्याचा धोका वाढू शकतो. म्हणजे रक्त दिसलं की घरातलं उरलेलं प्रतिजैविक द्यायचं नसतं, डॉक्टर गाठायचा असतो. झिंक आम्ही चौदा दिवस पुरं केलं. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला १० मिलिग्रॅम आणि त्यापुढे २०, दहा ते चौदा दिवस. त्याने आजार आटोपशीर होतो.

दोन गोष्टी या बाळात नव्हत्या, पण असत्या तर वाट वेगळी झाली असती, म्हणून सांगतो. हिरवी, पित्ताची उलटी आणि फुगलेलं पोट दिसलं तर आतडं अडकल्याची शंका घ्यायची. बाळ थांबून थांबून कळवळून रडतंय, मध्ये निपचित पडतंय आणि शीला लालसर चिकट आव आहे, तर आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. दोन्हींची सुरुवात उलट्यांनीच होते आणि दोन्हींना ओआरएस हे उत्तर नाही.

नंतर

रोटाव्हायरसच्या लसीचा बाळाला एकच डोस मिळाला होता, पुढचे राहून गेले. पूर्ण डोस घेऊनही आजार होऊ शकतो, पण हॉस्पिटलपर्यंत नेणारा प्रकार पुष्कळच कमी होतो. आता वापरात असलेल्या लसींपैकी पहिल्या दोन २००६ च्या सुमाराला बाजारात आल्या आणि २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ही लस सर्व देशांच्या नियमित लसीकरणात घेण्याची शिफारस केली.

घरी सोडताना कागदावर लिहून दिलं ते थोडंच. दर जुलाबामागे ५० ते १०० मिली ओआरएस. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा, आणखी सावकाश. अन्न आणि अंगावरचं दूध चालू. सहा-आठ तास लघवी नाही, बाळ सुस्त किंवा विलक्षण किरकिरं, शीमध्ये रक्त, काहीच पोटात ठरत नाही, यातलं काहीही झालं तर वाट न पाहता यायचं. पातळ शीमुळे डायपर ओलाच दिसतो आणि लघवी झाली की नाही ते कळत नाही. या आईचाही तसाच घोटाळा झाला होता, म्हणून डायपरमध्ये कापसाचा बोळा ठेवायला सांगितलं. आणि साबण-पाण्याने हात धुणं. आजारी मुलाच्या एका ग्रॅम शीमध्ये अब्जावधी विषाणू असतात आणि नव्या माणसाला लागण व्हायला शंभराहून कमी पुरतात. नुसतं हाताला सॅनिटायझर चोळणं इथे साबणाची जागा घेत नाही.

तीन आठवड्यांनी वजन ८.६ किलो होतं. बाळ धरून उभं राहत होतं, चिमटीने मणी उचलत होतं, हाक मारली की वळत होतं. सहा महिन्यांनी पुन्हा पाहिलं, तेव्हाही वाढ वयाप्रमाणे होती.

त्या घरात आजार एवढ्यावर थांबला नव्हता. बाळ हॉस्पिटलात असतानाच वडिलांना एक दिवस उलट्या झाल्या, आणि घरी गेल्यावर तिसऱ्या दिवशी आजीला जुलाब सुरू झाले. वय सत्तरच्या पुढे, रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू. अशा माणसात पाणी कमी पडलं की मूत्रपिंडावर पटकन ताण येतो. म्हणून ती गोळी जुलाब थांबेपर्यंत बंद ठेवायला सांगितली. त्या संध्याकाळी वडिलांचा फोन आला.

“डॉक्टर, पाकीट एक लिटरचं आहे, मी वाचलं. पण आमच्याकडे बाटल्या अर्ध्या लिटरच्या आहेत. अर्धी पूड एकीत, अर्धी दुसरीत घातली तर चालेल?”

नाही, म्हटलं. पुडीचे अंदाजाने दोन भाग केले तर एकात मीठ जास्त, दुसऱ्यात साखर जास्त येऊ शकते. मोठं पातेलं घ्या, अर्ध्या लिटरची बाटली दोनदा भरून त्यात ओता, मग पूर्ण पाकीट घाला, ढवळा आणि बाटल्यांत भरा. उद्या याच वेळी उरेल ते फेकून नवीन करा.

ते म्हणाले, “थांबा, फोन चालू ठेवतो, आत्ताच करतो.” पलीकडून पाणी ओतल्याचा आवाज आला. एक बाटली. मग दुसरी. मग ते म्हणाले, “चव घेतली. खारट नाही लागत फार.”

मी केसपेपर ओढला आणि लिहिलं : ओआरएस, १ पाकीट, १००० मिली, फोनवर करून घेतलं.